विजेवर चालणारे फिरते मचाण : गुण आणि दोष

हुमनाबादच्या परिसरातील दुबलगुंडीसारख्या गावात भिंत हाताच्या टप्प्यापलीकडे गेली, की बांबू आणि दोर आणून परांची बांधली जाते. दोर कुजका निघाला अथवा फळी सरकली, तर एखाद्या घराचा कर्ता पुरुष कायमचा जायबंदी होतो. हा धोका कमी करणारे एक साधन आता कारखान्यांतून आणि विमानतळांवरून दिसू लागले आहे. ते म्हणजे विजेवर चालणारे फिरते मचाण. कामगार त्याला ‘सिझर लिफ्ट’ म्हणतात.

त्याची रचना समजण्यास कठीण नाही. चाकांच्या गाडीवर कात्रीसारख्या लोखंडी पट्ट्या एकमेकींत अडकविलेल्या असतात. बॅटरीवर चालणारी मोटर तेलाचा दाब निर्माण करते. त्या दाबाने पट्ट्या उभ्या होतात आणि कठड्याचे मचाण माणसासह वर जाते. उतरताना झडप उघडली, की बहुतेक यंत्रांत ते स्वतःच्या भारानेच खाली येते.

याचे गुण उघड आहेत. धूर नाही, आवाज कमी. त्यामुळे गोदामात, रुग्णालयात किंवा धान्याच्या कोठारात ते चालते. डिझेल लागत नाही. परांची बांधण्या-सोडण्यात जाणारा वेळ वाचतो आणि कामगाराचे दोन्ही हात कामासाठी मोकळे राहतात.

परंतु दोषही तितकेच ध्यानात ठेवले पाहिजेत. बॅटरी पूर्ण भरण्यास बहुधा सारी रात्र लागते. रात्री वीज गेली, तर सकाळी काम अडते. शिशाच्या बॅटरीत वेळोवेळी शुद्ध पाणी घालावे लागते, आणि भरताना तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघत असल्याने खोली हवेशीर हवी. साधारण आठ मीटर उंचीवर काम करू देणाऱ्या लहान यंत्राचे वजनसुद्धा टनाहून अधिक भरते. ते सपाट, टणक फरशीसाठीच असते. बिदर जिल्ह्यातील काळ्या जमिनीवर पाऊस पडल्यानंतर चाक रुतले, तर मचाण कलंडण्याची भीती असते. जोराच्या वाऱ्यातही तोच धोका असतो. काही यंत्रे तर केवळ घरात वापरण्यासाठीच बनविलेली असतात.

एक गैरसमज विशेष घातक आहे. यंत्र विजेवर चालते, म्हणून ते विजेपासून रक्षण करील, असे काहींना वाटते. वस्तुतः सामान्य मचाण धातूचे असते. वरून जाणाऱ्या तारेला ते लागले अथवा तिच्या फार जवळ गेले, तर वरच्या माणसाचा प्राण जाऊ शकतो.

तेव्हा निवड कामानुसार व्हावी. कारखान्याच्या छपराखालील दिवे बदलण्यास हे यंत्र उत्तम. विकत घेणे न परवडल्यास भाड्याने आणावे. खेड्यातील एका घरासाठी मात्र नीट बांधलेली, कठडा असलेली परांचीच पुरेशी आहे. साधन कोणतेही असो, चढण्यापूर्वी जमीन, तारा आणि कठडा तपासण्यास पाच मिनिटे द्यावीत. आणि घाई करणाऱ्या मालकाने ती पाच मिनिटे मजुरीतून कापू नयेत.