सही आधी, कीर्ती मागाहून

अमेरिकेत बेसबॉलपटूच्या पहिल्या हंगामाचे छापील कार्ड मिळवून त्यावर त्याची सही घेण्याचा मोठा शौक आहे. खेळाडू पुढे गाजला, की त्या पुठ्ठ्याचे सोने होते! आपल्याकडे या शौकाला साधी वहीसुद्धा पुरते. यवतमाळ जिल्ह्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. २०२१ मध्ये मुश्ताक अली स्पर्धेत विदर्भाकडून मणिपूरविरुद्ध त्याने ४ षटके टाकली. धाव एकही नाही आणि बळी २! त्याच्या उमेदवारीच्या दिवसांतली सही कुणाच्या वहीत असेल, तर ती जपावी. सहीखाली सामना व तारीख लिहावी, वही उन्हापासून दूर ठेवावी. भाव येवो न येवो. गर्दी जमण्याआधी आपण त्या पोराला ओळखले, हेच तिचे खरे मोल.