परवाना, पिस्तूल आणि कट्टा

भारतात बंदूक बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. ती सरकारने अटी घालून दिलेली आणि कारण दाखवून काढून घेता येणारी मुभा आहे. अमेरिकेत 1791च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्राचा हक्क मान्य केला. 2008मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क व्यक्तीचा असून त्यात घरातल्या स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवणे येते, असा निर्वाळा दिला. त्यामुळे तिथे निर्बंध घालणाऱ्या सरकारला उत्तर द्यावे लागते, इथे शस्त्र मागणाऱ्याला.

आपल्याकडेही हा प्रश्न एकदा थेट चर्चेला आला होता. इंग्रजांनी 1878च्या कायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती केली आणि गोऱ्यांना सूट दिली. तो अपमान लोकांच्या मनात होता, म्हणून काँग्रेसच्या 1931च्या कराची ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आला. डिसेंबर 1948मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तोच हक्क मागितला. असा हक्क सरसकट दिला तर दरोडेखोरही तो सांगेल, असा डॉ. आंबेडकरांच्या उत्तराचा रोख होता. सूचना फेटाळली गेली. आंबेडकरांची ती शंका किती व्यवहारी होती, हे आज पिंपरी-चिंचवडमध्ये पाहायला मिळते.

एमआयडीसी, चाकणचे वाहन कारखाने आणि हिंजवडीचे आयटी पार्क यांनी मावळ, मुळशी आणि खेडच्या जमिनींना सोन्याचा भाव आणला. गुंठ्यांचे व्यवहार, कारखान्यांतल्या भंगाराचे आणि कामगार पुरवण्याचे ठेके यांत पैसा आला, भाऊबंदकी आणि दहशतही आली. बांधकाम व्यावसायिक, ठेकेदार, स्थानिक पुढारी पिस्तुलाचा परवाना मागतात तो याच वातावरणात. काहींना खरोखर धोका असतो. पण लग्नाच्या मांडवात कमरेला दिसणारे पिस्तूल बहुतेकदा वजन दाखवण्यासाठीच असते.

15 ऑगस्ट 2018ला पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलिस आयुक्तालय सुरू झाले. चाकण, तळेगाव, आळंदी त्यापूर्वी ग्रामीण पोलिसांकडे होते, त्यामुळे तिथले परवाने जिल्हाधिकारी देत. आता ते आयुक्त देतात. अर्ज आला की स्थानिक ठाण्याकडून चौकशी होते: गुन्हे आहेत का, धोका कोणापासून, शस्त्र ठेवणार कुठे. नकार मिळाला तर शासनाकडे अपील करता येते. 1959च्या शस्त्र कायद्यात 2019मध्ये दुरुस्ती झाली. एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे राहिली, मात्र परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पाच वर्षे ही फार मोठी मुदत आहे. तेवढ्या काळात माणसाचे वैर, कर्ज, संगत सगळे बदलते. धोका उरला आहे का, हे दरवर्षी तपासायला हवे. वाद पेटला की शस्त्र किती सहज बाहेर येते, हे दिसले आहे. फेब्रुवारी 2024मध्ये उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, थेट अधिकाऱ्याच्या दालनात, एका आमदाराने जमिनीच्या वादातून गोळ्या झाडल्या. मुळशीत जमिनीच्याच वादात पिस्तूल रोखल्याची चित्रफीत त्याच वर्षी जुलैत राज्यभर फिरली.

परवान्याच्या कागदाशी संबंधच नसलेले शस्त्र म्हणजे गावठी कट्टा. लोखंडी नळी, हाताने घडवलेला घोडा, लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ. नळी कच्ची असेल तर ती चालवणाऱ्याच्याच हातात फुटते. महाराष्ट्राच्या सीमेला लागून मध्य प्रदेशात असलेले उमरटी हे अशा शस्त्रांसाठी कुप्रसिद्ध गाव आहे. तिथून चोपडामार्गे आलेला माल पुणे परिसरात ‘सापळा रचून’ पकडल्याच्या बातम्या नेहमीच्या झाल्या आहेत. नोव्हेंबर 2025मध्ये पुणे पोलिसांनी उमरटीतच जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. मे 2023मध्ये तळेगाव दाभाडे नगरपरिषदेच्या आवारात स्थानिक पुढारी किशोर आवारे यांची भरदिवसा हत्या झाली, तेव्हा गोळ्या आणि कोयते दोन्ही वापरले गेले.

स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या 2017च्या अंदाजानुसार अमेरिकेत शंभर नागरिकांमागे सुमारे 120 बंदुका होत्या, भारतात सुमारे पाच. भारतातल्या अंदाजे 7 कोटी 11 लाख खासगी बंदुकांपैकी नोंदलेल्या मात्र 97 लाखच. बेकायदा शस्त्र बनवणे वा विकणे यासाठी आता सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण पकडला जातो तो बहुतेकदा कट्टा कमरेला खोचलेला विशीतला पोरगा. भट्टीवाला आणि मधला दलाल सुटून जातात.