पुस्तकातला काळा-पांढरा चौकोन

क्यूआर कोड जन्मला १९९४ मध्ये, जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी तो पाठ्यपुस्तकाच्या पानावर आणला. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत तो छापला जाऊ लागला. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ डिसले यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली. बातम्या या दिलदारपणाच्याच जास्त झाल्या.

या कोडची खरी खुबी म्हणजे तो पुस्तकाला हटवत नाही. वीज गेली, रेंज नसली तरी धडा छापील पानावर असतोच. कोड ‘दीक्षा’ अ‍ॅपमध्ये स्कॅन केला की त्या धड्याची चित्रफीत, कवितेची चाल किंवा सराव उघडतो. कॅमेरा दगा देत असेल तर कोडसोबत छापलेली सहा अक्षर-अंकांची खूण टाइप करूनही काम भागते.

मात्र तो केव्हा उघडायचा, हे शिक्षकानेच ठरवायचे. अपूर्णांक शिकवताना आधी कागदाच्या घड्या घालू द्याव्यात, चित्रफीत नंतर. उलट हृदयाचे ठोके किंवा ग्रहणासारखी हलती गोष्ट फळ्यावर किती काढणार? तिथे पडदाच आधी हवा. कवितेची चाल मात्र बाईंच्या आवाजात ऐकावी, चित्रफितीतली फक्त बाईंना चाल येत नसेल तेव्हा.