सीमेपलीकडचा कारभार (लेखांक ६) : नळ कंपनीचा, नदी कुणाची?

कल्याण कर्नाटक विकास मंडळाचा पैसा बीदर-कलबुर्गीच्या तालुक्यांपर्यंत कसा पोहोचतो, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्याहून गुंतागुंतीचा संसार : कलबुर्गी शहराचं पाणी.

२००५च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातून कर्नाटकाने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी (तेव्हाचं गुलबर्गा) इथले काही भाग निवडले आणि तिथे चोवीस तास पाणी देऊन दाखवायचं ठरवलं. तिन्ही शहरांच्या एकूण लोकसंख्येचा दहावा हिस्सा त्यात आला. पैसा आणि देखरेख राज्याच्या पायाभूत सुविधा वित्त महामंडळाची, चालवायचं काम व्हेओलिया या फ्रेंच कंपनीचं, आणि लोकांना तोंड द्यायचं महापालिकेने. कंपनीच्या मोबदल्याचा एक भाग ठरलेला होता, दुसरा उद्दिष्टं गाठली तरच मिळणार होता. सतत आणि पुरेशा दाबाने पाणी, गळतीला मर्यादा, तक्रारींचा वेळेत निपटारा, ही ती उद्दिष्टं. २००८पर्यंत या भागांत नळ खरोखरच चोवीस तास वाहू लागले.

चोवीस तासांचा हट्ट चैनीसाठी नव्हता. पाणी चार-पाच दिवसांआड येतं तेव्हा मधले दिवस पाइप रिकामा असतो. जोडाच्या फटीतून शेजारच्या गटाराचं पाणी आत झिरपतं आणि पाणी सुटलं की पहिली घागर गढूळ भरते. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की घाण आणखी ओढली जाते. पाइपात दाब कायम असला तर फटीतून पाणी बाहेर पडेल, पण बाहेरचं आत शिरणार नाही. म्हणूनच या भागांत जुन्या वाहिन्यांना ठिगळं लावत न बसता जाळंच नवं टाकलं, घरोघर मीटर बसवले. हुबळी-धारवाडमधल्या सुमारे चार हजार कुटुंबांचा अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. नळाचं पाणी स्वच्छ झालं होतं, पण मुलांचे जुलाब एकूणात फारसे घटले नव्हते. गरीब घरांत रक्ताचे जुलाब मात्र कमी आढळले. जाहिरातीत यातलं अर्धंच छापतात.

२०१६मध्ये बँकेने आणखी दहा कोटी डॉलर मंजूर केले आणि २०२०मध्ये तिन्ही शहरांचं पूर्ण काम, बांधण्यापासून चालवण्यापर्यंत, लार्सन अँड टुब्रोकडे गेलं. त्या वर्षी तिन्ही महापालिकांत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, कारभार प्रशासकांकडे होता. निवडणुका झाल्या सप्टेंबर २०२१मध्ये. म्हणजे पुढची कित्येक वर्षं पाळायची उद्दिष्टं ठरली, तेव्हा नगरसेवक खोलीत नव्हता. आता नळ कोरडा पडला की लोक मात्र त्याच्याच दारात जातात. भागीदारीचा हा मला सगळ्यांत कच्चा वाटलेला टाका.

दुसरी गोष्ट नदीची. कलबुर्गीला पाणी येतं भीमेवरच्या सरडगीहून आणि बेन्नेतोरा धरणातून. गळती किती, हे कंपनीला विचारता येतं; भीमेत पाणी का नाही, हे विचारता येत नाही. उन्हाळ्यात भीमेचा प्रवाह महाराष्ट्रातल्या उजनी धरणातून काय सुटतं यावर अवलंबून. २०२५मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी महाराष्ट्राकडे पाणी सोडण्याची पत्राने मागणी केली, त्यात उजनीही होतं. नळाचं उद्दिष्ट करारात बसतं, नदीचं पत्रव्यवहारात.

सीमेच्या अलीकडचं, महाराष्ट्रातलं लातूरही आठवा. २००८मध्ये तिथे पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे दिला आणि लोकांच्या विरोधामुळे तो बेत बारगळला. २०१६च्या एप्रिलमध्ये त्याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. चालवणारा कुणीही असो, शहराला पाणी देणारी मांजरा नदीच आटली होती.

म्हणून तुमच्या महापालिकेत असा करार येईल, तेव्हा दर आणि मीटर यांवर भांडाच. पण आधी एवढं विचारा : उद्दिष्टं ठरवताना आपला नगरसेवक हजर होता का, आणि धरण आटलं तर करारात कुणाचं नाव लिहिलंय?