खाज कुणाला सांगायची?

डायलिसिसच्या वॉर्डात आल्या आल्या आधी वजनकाटा. मागच्या खेपेपेक्षा जितके किलो जास्त, साधारण तितके लिटर पाणी अंगात साचलेलं. चहा, आमटी, ताक, सगळं त्यात आलं. ‘पाणी कमी प्या’ असं घरचे बजावत राहतात. पण तहान लावतं ते लोणच्या-पापडातलं मीठ, तिकडे लक्ष कमी.

मग हात पुढे करायचा. रोहिणी आणि शीर जोडून केलेल्या फिस्टुलावर टेक्निशियन बोटं टेकवते, आतली थरथर नीट लागली की दोन जाड सुया घालते. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून परत आत, मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर. फिल्टरमध्ये त्याच्या पलीकडून मिनिटाला अर्धा लिटर द्रावण वाहतं, म्हणजे चार तासांत एका माणसामागे १२० लिटर. पाणी भराभर ओढलं गेलं तर शेवटच्या तासात बीपी उतरतो, पोटऱ्यांत गोळे येतात. मग ती धावत येऊन तळपाय वर दाबून धरते.

वजन, बीपी, हिमोग्लोबिन, पोटॅशियम फाइलीत चढतं. बाकीचं विचारलं तरच कळतं.

“काका, झोप लागते का?” टेक्निशियन एका रुग्णाला विचारते.

“कुठली झोप, ताई! पाय वळवळतात. अंगाला ही खाज. रात्री उठून भिंतीला पाठ घासतो.”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“ते किडनीचे डॉक्टर. त्यांना खाजेचं काय सांगायचं?”

मला इथेच थांबावंसं वाटलं. ही खाज किडनीच्याच आजारातली; अंगावर पुरळही दिसेलच असं नाही. डायलिसिस पुरेसं होतंय का, फॉस्फरस वाढलंय का, हे बघता येतं. गॅबापेंटिन अगदी थोड्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अनेकांना उतार देतं. पाय वळवळण्यामागे कधी लोहाची कमतरता असते. उपाय आहेत, पण तक्रार फाइलीपर्यंत पोहोचतच नाही. झोपेचा-खाजेचा हा प्रश्न टेक्निशियनच्या मर्जीवर न सोडता बीपीसारखा दरवेळी विचारायला हवा.

थकव्याचंही तसंच, तोही फाइलीत येत नाही. त्यात येण्या-जाण्याची ओढाताण. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, गरिबांना ही सेवा मोफत झाली. तरी एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी उरतेच. म्हणून आठवड्याच्या तीन खेपांऐवजी कितीतरी जण दोनच करतात. एका डायलिसिसनंतर सावरायला किती वेळ लागतो, असं मी काकांना विचारलं.

“दुसऱ्या दिवशी दुपारी जरा जेवण जातं. तिसऱ्या दिवशी परत इथं. शेतावर कधी जाणार, तुम्हीच सांगा.”