शिक्षा लागली, हक्क संपला नाही

पालघर, बोईसर-तारापूरच्या कामगार वस्त्यांतून आयाबाया आमच्याकडे येतात. मुलगा दरोड्यात नाहीतर गांजाच्या केसमध्ये शिक्षा भोगत असतो. 'आता काय उरलं, वकीलसाहेब?' असे त्या विचारतात. उरलेले असते अपील!

भोकरदनचे प्रकरण आठवा. जालना जिल्ह्यातील २००३ च्या या दरोडा-खून खटल्यात भटक्या जमातींच्या सहा जणांना फाशी झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच दिली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरेच चौघे ओळखले होते; त्यांचा तपासच झाला नव्हता. निर्दोषांची सोळा वर्षे मात्र गेली.

म्हणून बांधवांनो, निकालाची प्रत मागून घ्या. ती आरोपीला मोफत मिळते. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली तर उच्च न्यायालयात साठ दिवसांत अपील करा. फाशी असेल तर तीसच दिवस. कैद्याला तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

दलालापायी दागिने गहाण टाकू नका. मुदत चुकवू नका.