किनाऱ्याची मोटार आदिलाबादच्या वाटेवर

माहूरच्या रेणुकेचे दर्शन घ्यावे, किनवटमार्गे आदिलाबाद गाठावे, निर्मळचे डोंगर उतरून गोदाकाठच्या बासरला जावे आणि तेथे सरस्वतीपुढे नातवंडाच्या हातून पहिले अक्षर गिरवून घ्यावे, अशी यात्रा स्वतःच्या मोटारीने करणारी कुटुंबे आपल्या किनारपट्टीत आहेत. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि बासर निर्मळ जिल्ह्यात गेले, तरी वाट बदललेली नाही. आदिलाबाद शहरात आणि पैनगंगेकाठच्या बेला-जैनद भागात मराठी चालते. तेव्हा गॅरेजवाल्याशी बोलताना भाषा अडत नाही. अडते ते हे, की गाडीला काय झाले आहे हे मालकालाच सांगता येत नाही. ‘चालता चालता बंद पडली’ एवढ्या निदानावर कोणता वैद्य औषध देईल?

वास्तविक गाडी सहसा पूर्वसूचना दिल्यावाचून बंद पडत नाही. आणि किनाऱ्यावरच्या गाडीच्या बाबतीत तर आदिलाबादच्या उन्हात उघडे पडणारे पुष्कळसे दुखणे मुळात आपल्याच अंगणात जडलेले असते. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि बाजार, कचेरी, देऊळ एवढीच रोजची धाव. या आयुष्यक्रमात गाडीचे दोष झाकलेले राहतात.

सर्वांत दुर्लक्षित दोष ब्रेक ऑइलचा. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ओलाव्याची आपल्याकडे वाण नाही. डॉट ३ जातीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू प्रमाणानुसार किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० आणि १५५ आहेत. गावातल्या सपाट रस्त्यावर याने काही बिघडत नाही. परंतु माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी महबूब घाटासारख्या उतारावर सतत ब्रेक दाबून उतरवली, की चाकांजवळचे तेल तापते, त्यातील पाण्याची वाफ होते, आणि वाफ दबते, तेल दबत नाही! पायाखालचे पेडल मग मऊ पडते आणि एखाद्या क्षणी तळाला जाऊन टेकते. आंबोली वा चोर्ला उतरलेल्या माणसाला निर्मळचा घाट ठेंगणा वाटेल. धोका नेमका त्या आत्मविश्वासात आहे. ज्या गियरमध्ये घाट चढला असता त्याच गियरमध्ये तो उतरावा आणि ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून लावावा. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्यांना काय म्हणावे? बचत होते ती चमचाभराची, आणि इंजिनाचा रोध हातचा जातो. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे. टाकीत वरून भर घालणे म्हणजे बदलणे नव्हे.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्याच्या सुट्टीत आदिलाबादचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा, वर्षानुवर्षे न बदललेला कूलंट आणि फुगून मऊ झालेला रबरी पाइप यांची खरी परीक्षा अशा उन्हात होते. तापमानाचा काटा वर सरकू लागताच वातानुकूलन बंद करावे, गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी, इंजिन थांबवावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. आतील उकळते पाणी दाबाखाली असते आणि ते तोंडावर उडते. तासभर झाडाखाली बसण्याने यात्रेचे पुण्य उणावत नाही.

गाडीखाली पडलेले थेंब पाहण्याची सवय लावून घ्यावी. वातानुकूलनाचे स्वच्छ पाणी गळणे स्वाभाविक आहे. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी थेंब कूलंटचा, काळपट तेलकट डाग इंजिन ऑइलचा. चाकाच्या आतील बाजूस फिकट पिवळसर ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलची समजून गाडी जागची हलवू नये. धूरही बोलतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरा आणि गोडसर वासाचा धूर कूलंट इंजिनात शिरल्याचे सांगतो. मात्र वसंत पंचमीच्या सुमारास आदिलाबादच्या थंड पहाटे दिसणारी पांढरी वाफ थोड्या वेळात विरली, तर घाबरण्याचे कारण नाही. सेल्फ मारताच नुसता ‘टक्’ आवाज आला आणि दिवे मंद झाले, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलवर जमलेल्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीत शोधावा. खाऱ्या हवेत ही भुकटी लवकर धरते. उलट इंजिन जोमाने फिरते पण पेटत नाही, तर इंधनाकडे वा स्पार्ककडे पाहावे. तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला, तर ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ म्हणू नये. पुढचे गाव येण्याआधीच इंजिन संपते.

टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरहून कमी उरल्या, तर तो टायर कायद्यानेही बाद ठरतो. हवा थंड टायरमध्येच मोजावी. तापल्यावर दाब वाढलेला दिसतो म्हणून ती सोडणे चूक.

कागदपत्रांच्या बाबतीतही आपल्याकडे एजंटावर भिस्त ठेवण्याची रीत आहे. परवाना आणि नोंदणी साऱ्या देशात चालतात. तेलंगणात शिरताना खाजगी मोटारीला वेगळी नोंदणी लागत नाही. मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली, तर तेथील क्रमांक घ्यावा लागतो. बदली होऊन गेलेल्या नोकरदारांनी हे ध्यानात ठेवावे. डिजिलॉकरमधील कागद पोलिसांनी ग्राह्य धरावेत असा नियम आहे, पण जंगलातल्या रस्त्यावर मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही. छापील प्रत सोबत असू द्यावी.

विम्याचा घोटाळा अधिक गंभीर. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीबरोबर त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. दोन्ही तीन वर्षांचे आहेत अशा समजुतीत मालक राहतो आणि अपघातानंतर जागा होतो. त्रयस्थ विमा नसेल, तर पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड भरून सुटता येते, पण जखमी झालेल्या माणसाची भरपाई मालकाच्या डोक्यावर राहते, आणि ती घरदार विकायला लावू शकते.

सीटबेल्ट मागे बसलेल्यांनाही सक्तीचा आहे; तो न लावल्यास हजार रुपये दंड. आजीला पट्टा टोचतो म्हणून तो पाठीमागे खोचून ठेवला, तर अपघातात आजी पुढच्या आसनावर आदळते आणि पुढे बसलेल्यालाही इजा करते. गाडी बंद पडलीच, तर ती डाव्या कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत, प्रकाश परावर्तित करणारा त्रिकोण बराच मागे ठेवावा आणि सर्वांनी गाडीतून उतरून रस्त्यापासून दूर उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि अपघात वा अन्य संकटात ११२ हे क्रमांक आहेत. ते केवळ चालकाच्या नव्हे, बरोबरच्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावेत.